ओढ्याकाठचं पिवळं झुडूप

«काकू, नमस्कार. आमचं गाव विट्याजवळ. मालकांच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यामुळे लग्नानंतरची सव्वीस वर्षं तमिळनाडूत गेली. दोन वर्षांपूर्वी गावी परत आलो आणि सहा गुंठ्यांवर घर बांधलं. जमीन मुरमाड आहे. बागेचं काम एका माणसाला दिलं होतं. त्यानं भर उन्हाळ्यात पाम, गुलमोहर, कुंपणाला कोनोकार्पसची रांग आणि पुढे लॉन लावून दिली. टँकर घालून घालून थकलो. लॉन गेली, निम्मे पाम वाळले. मला आता आपल्या मातीतलीच झाडं लावायची आहेत. लहानपणी माहेरच्या ओढ्याकाठी पिवळ्या फुलांची झुडपं असायची, शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावायच्या नाहीत. नाव आठवत नाही. नर्सरीत विचारलं तर 'असलं जंगली कोण घेतं' म्हणाले. मोबाईलवर बियांची पाकिटं दिसतात, ती मागवू का? जाऊबाई म्हणतात, कासला जाऊ आणि चार रोपं उपटून आणू. आणि हे म्हणतात, घराभोवती रान माजेल. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, खानापूर तालुका»

ताई,

आधी तुमच्या त्या झुडपाचं नाव सांगते. तो तरवड. चिंचेसारखी जोडपानं, पिवळीधमक फुलं, कागदासारखी चपटी तपकिरी शेंग. खानापूर, आटपाडी, जत, माण, खटाव या सगळ्या माळरानावर तो उभा असतो आणि पाऊस दगा देतो त्या वर्षीही फुलतो. गुरं-शेळ्या त्याला खात नाहीत, म्हणून तर तो अजून शिल्लक आहे. पूर्वी चामडं कमावणारे त्याची साल न्यायचे. आणि ताई, सव्वीस वर्षं तो तुमच्या शेजारीच होता. तमिळनाडूत त्याला आवारम् म्हणतात. पोंगलच्या तोंडावर, भोगीला, तिथल्या दारांवर कडुनिंबाच्या डहाळीसोबत जी पिवळी फुलं बांधतात ती ह्याचीच. तुम्ही ती पाहिली असणार, फक्त ओढ्याकाठचं ते झुडूप आणि दारावरची ती जुडी एकच, हे कुणी सांगितलं नसेल.

आता नर्सरीवाल्याचं उत्तर. त्याच्यावर रागावू नका. तो जे खपतं ते ठेवतो, आणि शोभेचा बराच माल त्याच्याकडे ट्रकनं आंध्रातून, कडियमच्या बाजूनं येतो. तिथे ओल आहे, गाळाची जमीन आहे. ते रोप विट्याच्या मुरमात एप्रिल काढेल ही अपेक्षाच चुकीची. तुमच्या पामांचं काय झालं ते ह्यात आलं.

पण 'देशी झाड' एवढं म्हणूनही भागत नाही, हे मला फार कळकळीनं सांगायचं आहे. सातारा-सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत पश्चिमेला महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेला माणात पाचशेच्या आसपास. तामण हे आपलं राज्यफूल. शिराळा, पाटण, जावळीत ते सुंदर वाढतं, पण विट्याच्या माळावर त्याला आयुष्यभर पाणी घालत बसावं लागेल. सीता अशोकाचंही तेच, त्याला ओल आणि सावली हवी. दोन्ही झाडं आपलीच, तरी तुमच्या अंगणाची नाहीत. म्हणून 'महाराष्ट्रातली देशी झाडं' अशी यादी छापून हातात घेण्यापेक्षा आधी घरापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत फिरा. जुने बांध, ओढ्याचा काठ, देवळामागची राई, माळावरची म्हसोबाची जागा, जिथे कुणी मुद्दाम लावलेलं नाही आणि कुणी पाणी घालत नाही, तिथे जे उभं आहे ते तुमचं झाड. सागरेश्वरला एकदा जाऊन या. यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाजवळ, देवराष्ट्र्याजवळच्या त्या डोंगरांवर माणसांनी कष्टानं जंगल उभं केलं आणि पुढे ते अभयारण्य झालं. बी गोळा करायला नाही, फक्त बघायला जा. तुमच्यासारख्याच कोरड्या टेकड्यांवर काय टिकलं ते डोळ्यांनी दिसेल.

फिरताना दोन माणसं सोबत असली तर उत्तम. एक, गावातला शेळ्या राखणारा किंवा एखादी म्हातारी, कारण त्यांना झाडाचं नाव, फुलायचा महिना आणि बी कधी पडतं हे तिन्ही ठाऊक असतं. दुसरा, वनस्पतिशास्त्र शिकलेला कुणी. सांगलीच्या विलिंग्डनमध्ये, साताऱ्याच्या यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूटमध्ये, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात हे विभाग आहेत. पान, फूल, शेंग आणि खोड यांचे चार स्वच्छ फोटो घेऊन गेलात तर सहसा कुणी परत पाठवत नाही. त्यांच्याकडून शास्त्रीय नाव कागदावर लिहून घ्या. ते पुढे खरेदीला लागणार आहे.

का लागणार, ते माझ्याच अंगणावरून सांगते. वीस वर्षांपूर्वी मी एका नर्सरीतून 'अशोक' म्हणून तीन रोपं आणली. वाढली ती उंच, सरळसोट, लोंबत्या पानांची. शाळांच्या कुंपणाला असतो तो आसुपालव. लाल-केशरी झुबक्यांची वाट पाहण्यात माझी पाच-सहा वर्षं गेली. विकणाऱ्यानं फसवलं असंही म्हणता येत नाही, बाजारात दोघांनाही अशोकच म्हणतात. हवा होता तो साराका असोका, हे तेव्हा मला म्हणता आलं नाही. आपट्याचं असंच आहे. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून कितीदा कांचनाची पानं विकतात ते तुम्ही पाहिलं असेल. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद, आणि त्याची फुलं फिकट, बारीक. कांचनाचं पान मोठं आणि फुलं गुलाबी-जांभळी, नजरेत भरणारी. कळंब आणि कदंब हीसुद्धा वेगळी झाडं. कदंबाचा फुलगोळा लाडवाएवढा, केशरी. कळंबाचा लहान, फिकट पिवळा. आपल्या कोरड्या पट्ट्यातला कळंब, आणि नर्सरीत मागितला की हातात कदंब पडतो. चाफ्याचंही तसंच, देवळापुढचा पांढरा चाफा मूळचा मध्य अमेरिकेकडचा आणि सोनचाफा आपल्या देशातला. म्हणून नाव दोन्ही सांगायचं, मराठी आणि शास्त्रीय, आणि जमलं तर पान दाखवायचं.

रोपं मिळण्याची पहिली जागा वनविभागाची आणि सामाजिक वनीकरणाची रोपवाटिका. आपल्या बहुतेक तालुक्यांत ती असते. तिथे करंज, कडुनिंब, बहावा, आपटा, शिवण, बेहडा, आवळा, चिंच, बोर अशी रोपं असतात आणि पावसाळ्यात वनमहोत्सवाच्या दिवसांत सवलतीच्या दरात मिळतात. पण जुलैत जाऊन 'पळस आहे का' विचारलंत तर नाही म्हणतील. पिशव्या भरायचं काम हिवाळ्यात चालतं. आत्ता मार्गशीर्ष लागलाय, आत्ताच जा. वनपालांना भेटा, तुमची आठ-दहा झाडांची यादी द्या आणि विचारा की बी आम्ही आणून दिलं तर रोपं करून द्याल का. कुठे हो म्हणतात, कुठे नाही. गावातल्या एखाद्या लहान खासगी नर्सरीला हीच विनंती केली तर ती बहुधा मान्य होते, कारण त्याला आधीच गिऱ्हाईक मिळालेलं असतं. थोडे पैसे आगाऊ द्या. मी तर म्हणते गावातल्या चार-पाच घरांनी मिळून शंभरेक रोपांची मागणी नोंदवा, मग 'जंगली कोण घेतं' हा प्रश्नच उरत नाही.

रोप निवडताना उंचीला भुलू नका. पाच फुटी रोप गाडीत घालून आणलं की झाड आणल्यासारखं वाटतं, पण बहुतेक वेळा ते लहान पिशवीत दोन-तीन वर्षं अडकून उभं असतं. मी एकदा असाच उंच पळस आणला होता. दुसऱ्या उन्हाळ्यात वाळला तेव्हा उपटून पाहिलं, मुळं पिशवीच्या आकारातच जिलबीसारखी गोल फिरलेली, खाली एकही गेलेलं नव्हतं. तेव्हापासून मी पिशवीचा तळ बघते. तळातून जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत गेलेलं असेल तर ते रोप उचलतानाच तुटणार. दीड-दोन फुटांचं, पेन्सिलीएवढ्या खोडाचं, ताज्या पालवीचं रोप घ्या. दोन वर्षांत ते त्या पाच फुटीला मागे टाकतं. आणि एक प्रश्न न चुकता विचारा, बी कुठलं? आपल्याच भागातल्या झाडाचं बी असेल तर त्या रोपाला हा उन्हाळा नवा नसतो.

आणि खरं सांगू का, तुमच्यासारख्या माणसानं निम्मी झाडं बियांपासूनच करावीत. त्यासाठी बाराही महिने फार काही लागत नाही, फक्त कुठलं बी कधी पिकतं आणि त्याला काय हवं असतं हे माहीत हवं. काही बिया टिकाऊ असतात, काही अजिबात थांबत नाहीत. ह्या एका गोष्टीपायी लोकांचं बी उगवत नाही आणि मग 'देशी झाडं अवघड' असा बोभाटा होतो.

बहावा घ्या. त्याची हात-दीडहात लांब काळी शेंग हिवाळ्यापासून झाडावर वाळत असते, हलवली की आत खुळखुळते. शेंग फोडली की चिकट काळ्या गरात चकत्यांच्या कप्प्यांतून चकचकीत बिया निघतात. त्या इतक्या कडक असतात की तशाच पेरल्या तर वर्ष-वर्ष मातीत पडून राहतील. प्रत्येक बी खडबडीत फरशीवर एका बाजूनं घासायचं, वरचं कवच जरा उघडलं की रात्रभर पाण्यात ठेवायचं. जे फुगेल ते पेरायचं, न फुगलेलं पुन्हा घासायचं. तरवडाचं आणि आपट्याचं बीही कडक. पाणी उकळून खाली उतरवायचं, जरा निवलं की त्यात बी टाकून सकाळपर्यंत ठेवायचं, एवढं पुरतं. लगेच पेरायचं नसेल तर हे बी न भिजवता, कोरडं करून कापडी पिशवीत, राखेत घोळवून ठेवलं तर पावसाळ्यापर्यंत छान राहतं. प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवू नका, ओल धरून बुरशी येते.

बाभळीला तर कवच घासायचीही गरज नाही. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या की बी त्यांच्या पोटातून जातं आणि लेंडीबरोबर पडतं ते उगवायला तयार होऊनच. माणदेशातल्या मेंढपाळाच्या वाड्याखालची माती आणून ओली केली तर आठ-दहा दिवसांत बाभळीची रोपं डोकं काढतात.

याच्या उलट कडुनिंब. त्याची निंबोळी आषाढाच्या आसपास पिवळी होऊन पडते आणि पंधरा-वीस दिवसांत बियांतला जीव जातो. पाकिटातलं वर्षभराचं निंबाचं बी उगवलं नाही तर त्यात तुमचा दोष नाही. जांभळाचंही तसंच, आज खाल्लं तर या आठवड्यात पेरायचं. करवंदाचंही ताजंच बी. करंजाची शेंग चैत्र-वैशाखात पिकते, ती फोडून बी लावलं की सहज येतं. पळस शिमग्याला फुलतो, उन्हाळा संपता संपता त्याच्या चपट्या शेंगा वाऱ्यावर उडून खाली येतात, एका शेंगेत टोकाला एकच बी. ते ठेवू नका, पहिल्या पावसाला थेट जमिनीतच पेरा. पळसाचं सोटमूळ आधी खोल जातं आणि वरती वर्ष-दोन वर्षं काहीच दिसत नाही. पुष्कळ लोक रोप मेलं समजून तिथे दुसरं काही लावतात. काठी रोवून ठेवा. निर्गुडी आणि अडुळशाला बियांची गरजच नाही, पावसाळ्यात बोटाएवढ्या जाडीची फांदी ओल्या मातीत खोचली की फुटते.

बी घेताना एकाच झाडाखालचं सगळं ओंजळभर उचलू नका. एकमेकांपासून लांब असलेल्या पाच-सहा निरोगी झाडांचं थोडं थोडं घ्या आणि निम्म्याहून जास्त तिथेच राहू द्या, पाखरांना आणि त्या जागेला. बांध कुणाचा असेल त्याला विचारा. विचारलं की आपल्याकडची माणसं शेंगा पाडून देतात, वर चहाही करतात.

मोबाईलवरची पाकिटं. पाकिटावर शास्त्रीय नाव, बी गोळा केल्याचं वर्ष आणि ठिकाण, हे तिन्ही असेल तर बहावा, आपटा, तरवड असलं कडक कवचाचं बी मागवायला हरकत नाही. नुसतं 'दुर्मिळ रानफुलांच्या शंभर बिया' आणि वर निळ्याजांभळ्या फुलांचा फोटो असेल तर घेऊ नका. त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कधी कधी त्यातून बाहेरचं तणच आपल्या माळावर येतं. घाणेरी एकेकाळी शोभेची म्हणूनच आपल्या देशात आली होती, आज आपल्या डोंगरउतारांवर तिनं काय केलंय ते बघा.

आता कासचं. जाऊबाईंना माझा निरोप द्या, कृपा करून तिथून एक काडीसुद्धा आणू नका. राखीव वनातून आणि अभयारण्यातून रोप किंवा बी उचलणं हा गुन्हा आहे. पण मला त्याहून वाईट वाटतं ते वेगळ्या कारणानं, ती रोपं तुमच्याकडे जगणारच नाहीत. कास हे जांभ्या खडकाचं पठार. खडकावर कुठे वीतभर, कुठे बोटभर माती. पावसाळ्याचे चार महिने धुकं आणि पाणी, उरलेले आठ महिने कोरडा ठणठणाट. सीतेची आसवं म्हणतात ती इवली जांभळी फुलं तर इतक्या निकस ओल्या मातीत राहतात की त्यांनी बारीक जीव धरून खाण्याची सोय करून घेतली आहे. त्यांना शेणखताच्या वाफ्यात लावणं म्हणजे मारणं. टोपली कारवी सात-सात वर्षांनी फुलते. ही जागा २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा ठरली, ती तिथे पाहण्यासाठी. श्रावण-भाद्रपदात जाऊन बघा, डोळे भरून बघा, आणि रिकाम्या हातानं या.

तिथल्या रंगांची हौस तुमच्या अंगणात तेरडा भागवेल. आपल्याकडे कितीतरी घरांत गौर म्हणून तेरडाच आणतात. विसर्जनाआधी त्यातल्या पिकलेल्या बोंडांखाली कागद धरून हलका हात लावा, बोंडं फटकन फुटून बी कागदावर उडेल. पुढच्या मृगाला ओसरीच्या कडेला फेकून द्या. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण रोपं दोन महिने फुलत राहतात.

तुमच्या सहा गुंठ्यांत काय लावावं ते थोडक्यात सांगते. पश्चिमेला आणि दक्षिणेला, घरापासून पंधरा-वीस फुटांवर, एक कडुनिंब आणि एक करंज, उन्हाळ्यातल्या दुपारच्या सावलीसाठी. फाटकाजवळ बहावा. मागे एक आपटा, एक बेल आणि कोपऱ्यात पळस. जागा उरलीच तर भोकर, त्याचं लोणचं तुम्हाला माहीत आहेच. वड, पिंपळ, उंबर घराजवळ नको, मुळं घराच्या पायात आणि टाकीत शिरतात. ते गावच्या पाणवठ्याला द्या. काटेसावरही सहा गुंठ्यांत मावत नाही. कोनोकार्पसची रांग काढून टाका, त्याबद्दल मी भीड धरणार नाही. त्याची मुळं पाइपलाइनीत घुसतात, परागाचा त्रास होतो, गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. त्या जागी करवंद, निर्गुडी, अडुळसा आणि कोरांटी मिसळून कुंपण करा. जनावरांचा जाच असेल त्या बाजूला सागरगोटा. त्याच्या काट्यांतून कुत्रंही शिरत नाही आणि नातवंडांना खेळायला गोटे मिळतात. मांडवावर कुसर किंवा मोरवेल चढवा. तरवड मात्र दर्शनी ठेवा, तीन-चार झुडपं एकत्र. तरवडाच्या आणि बहाव्याच्या पानांवर फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरं अंडी घालतात. पानं कुरतडलेली दिसली तर फवारू नका, महिन्याभरात नवी पालवी येते. एखादी रुई कोपऱ्यात उगवली तर तीही राहू द्या, तिच्यावर बिबळ्या कडवा हे फुलपाखरू येतं. कळलावी आणि गुंज ह्या दोन सुंदर वेली लहान मुलं येती-जाती आहेत तोवर लावू नका. कळलावीचा कंद आणि गुंजेचं बी जहाल विषारी असतं.

आणि गुलमोहर जगला असेल तर तोडू नका. तो मादागास्करचा पाहुणा खरा, पण आम्ही साताऱ्यात १ मे रोजी त्याचा दिवस साजरा करतो आणि वैशाखातली ती लाली मलाही आवडते. जास्वंद, गुलबक्षी, झेंडू हे देवाच्या फुलांपुरते असू द्या. घरातली सगळी माणसं हाकलून नवी आणायची नसतात. नवं लावताना तेवढं आपलं लावा.

तुमच्या ह्यांची काळजी मला पटते. माळावरचं झाड अंगणात मोकाट सोडलं तर ते माळासारखंच दिसणार. त्यावर उपाय सोपा आहे. फाटकापासून दारापर्यंत स्वच्छ फरशीची वाट, तिच्या दोन्ही अंगांना गुडघ्याएवढी कोरांटी, एकसारखी छाटलेली. एका जातीचं एकच झुडूप इकडेतिकडे न लावता तीन-चार एकत्र लावा. लॉनच्या जागी हरळीचा चौकोन ठेवा, त्याला लॉनइतकं पाणी लागत नाही आणि गणपतीला दूर्वा घरच्या. झाडांखालची पानं गोळा करून आळ्यातच टाका, अंगण मात्र झाडलेलं असू द्या. कडा आखलेली दिसली की आतलं कितीही मोकळं असलं तरी ती बाग वाटते.

खड्डे चैत्रात खणा, दोन-अडीच फूट चौरस आणि तितकेच खोल. मुरूम कठीण लागला तर पहारीनं तळ फोडून घ्या, नाहीतर खड्ड्याचं भांडं होतं आणि मुळं तिथेच थांबतात. ऊन खाऊ द्या, मग पाझर तलावाचा गाळ मिळाला तर तो, शेणखत आणि वरची माती मिसळून भरा. लावणीची घाई मात्र करू नका. पश्चिमेकडे मृग-आर्द्रात लावून मोकळे होतात, तुमच्याकडे तसं चालत नाही. खानापूर, आटपाडी, जतचा भरवशाचा पाऊस पुष्कळदा उत्तरा-हस्तातला, सप्टेंबरचा. जूनमधल्या एका सरीवर रोप लावलं आणि जुलै कोरडा गेला की रोप गेलं. जमीन हातभर ओली झाल्याशिवाय पिशवी फाडू नका. पहिले दोन उन्हाळे प्रत्येक झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरलेलं एक मडकं ठेवा, तळाला बारीक भोक पाडून त्यात वात घातलेलं. आठवड्यातून दोनदा भरलं तरी चालतं. आळ्यात उसाचं पाचट पसरा, पण खोडापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी लागते. तिसऱ्या वर्षी मडकी काढून घ्या.

माहेर किती लांब ते तुम्ही लिहिलं नाहीत. जाणं होणार असेल तर संक्रांतीच्या आत जा. तरवडाच्या शेंगा आत्ता वाळत आल्यात, उशीर झाला की त्यांना कीड लागते आणि बी पोकळ निघतं. ओढ्याच्या काठाकाठानं पाच-सहा झुडपांच्या मूठभर शेंगा घेऊन या. पेरून उरलेलं बी मला एका साध्या पाकिटात पाठवलंत तर माझ्या फाटकाशेजारी जागा आहे.

तुमची,
काकू